मिठाई वाटप (सुधारित यादी): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मिठाई वाटप (सुधारित यादी)’ या आमच्या नाटकाचा प्रयोग संपला की मेकअप उतरायच्या आत फोन वाजायला लागतो. पहिलं वाक्य ‘छान झालं हो’, दुसरं वाक्य प्रश्न. मध्यंतरात चहाच्या टेबलावर चिठ्ठ्या ठेवून जाणारेही आहेत. त्यातले जे प्रश्न इतक्यांदा आले की उत्तरं पाठ झाली, ते इथे एकदाचे लिहून टाकतोय. प्रश्न ज्याने जसा विचारला तसाच ठेवलाय. फक्त शिव्या आणि कंपन्यांची नावं काढली. नाटक अजून बघायचं असेल तर चौथ्या प्रश्नाशी थांबा. पुढे कथा फुटते, आणि फुटणं हाच विषय असल्यामुळे त्याला माझा इलाज नाही.

१. नाटक नेमकं कशावर आहे? थोडक्यात सांगा, घरी सांगायचंय.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात दिवाळीच्या पंधरा दिवस आधी मिठाई वाटपाची एक्सेल फाइल तयार होते. नाव, विभाग, टोकन नंबर, बॉक्स मिळाल्याची सही. एचआरमधली ट्रेनी मुलगी ती कॅन्टीनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते, कारण बॉक्स किती मागवायचे ते कॅन्टीनवाल्याला हवं असतं. फाइलमध्ये मागे एक लपवलेली शीट असते. तिच्यात ३८ नावं, आणि शेवटच्या कॉलमचा मथळा ‘बॉक्स द्यायचा का?’ ३८ जणांसमोर ‘नाही’. ज्यांना दिवाळीआधी घरी पाठवायचं ठरलंय त्यांच्यावर मिठाई कशाला वाया घालवायची, इतका साधा हिशेब.

त्यानंतरचे दोन अंक फाइल कोणी फोडली हे शोधण्यात जातात, आणि संशय जातो तो आधीच मेलेल्या एका कामगारावर.

२. ही कंपनी अंबडची की सातपूरची? आम्हाला माहितीये, फक्त तुमच्या तोंडून ऐकायचंय.

कुठलीच नाही. मी स्वतः सातपूरला स्टोअर्समध्ये आहे, त्यामुळे सातपूरचे लोक म्हणतात अंबडची आणि अंबडचे म्हणतात सातपूरची. सिन्नरहून आलेले एक गृहस्थ तर ‘आमचीच’ म्हणून हात हातात घेऊन बसले. सेटवरच्या खिडकीतून जी पाण्याची टाकी दिसते ती ओळखल्याचा दावा तीन वेगवेगळ्या वसाहतींतल्या माणसांनी केलाय. ती टाकी थर्माकोलची आहे, आणि नेपथ्य करणाऱ्या मुलाने ती स्वतःच्या गच्चीवरच्या टाकीकडे बघत कापली.

अंबड घेतलं ते एका सोयीसाठी. कारखाना अंबडला आणि मेलेल्या माणसाचं घर सिडकोत, म्हणजे चार्जशीट (कंपनीने कामगारावर ठेवलेल्या आरोपांची नोटीस) चालत नेऊन देण्याइतकं अंतर. तरी साहेब ती पोस्टाने पाठवतात.

३. विनोदी म्हणून तिकीट काढलं. आमच्या आईला मध्येच रडू आलं. जाहिरातीत लिहीत का नाही?

लिहितो. ‘ब्लॅक कॉमेडी’ असं स्पष्ट छापतो. पण आपल्याकडे त्यातला ‘ब्लॅक’ कोणी वाचत नाही. मुलं आणायला हरकत नाही. त्यांना कॅन्टीनचा पोरगा आवडतो. ज्यांच्या घरी नुकतीच नोकरी गेलीय किंवा माणूस गेलंय, त्यांनी मात्र थोडं थांबून यावं. तिकिटाचे पैसे आम्ही परत देतो, कारण विचारत नाही.

४. पात्रांना नावं का नाहीत?

पहिल्या लेखनात होती. वाचनाच्या दिवशी प्लांट हेडचं आडनाव उच्चारलं तेव्हा सात जणांपैकी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बदललं. नवं आडनाव तिसऱ्याच्या सासऱ्यांचं निघालं. नाशिकमध्ये कुठलंही आडनाव घ्या, ते कुठल्या तरी कारखान्यात प्लांट हेड असतंच. मग हुद्देच ठेवले: साहेब, एचआर मॅडम, अकाउंट्सचे काका, क्वालिटी, ट्रेनी, कॅन्टीनचा पोरगा. मेलेल्या माणसाला तर टोकन नंबरच आहे, ११४. त्याची बायको ‘एकशे चौदाची मिसेस’. ही हाक मी बनवलेली नाही, आमच्याकडे गेटवर अशीच मारतात.

५. लपवलेली शीट अशी कोणालाही दिसते? एवढी मोठी कंपनी इतकी बावळट चूक करेल?

दिसते. शीटच्या टॅबवर राइट क्लिक, ‘अनहाइड’, झालं. वर्कबुकच्या रचनेला पासवर्ड लावलेला नसेल तर एवढंच काम. याच्या पुढचा एक प्रकार आहे, ‘व्हेरी हिडन’. ती शीट राइट क्लिकच्या यादीत येत नाही, एक्सेलच्या प्रोग्रामिंगच्या (व्हीबीए) खिडकीतून बघावी लागते. पण ती तसदी घेणारा माणूस मुळात अशी यादी मिठाईच्या फाइलमध्ये ठेवत नाही. नाटकात कॅन्टीनच्या पोराने एमएस-सीआयटी केलेलं असतं, आणि त्यातलं त्याला एवढं एकच आठवत असतं.

बावळटपणाचं म्हणाल तर उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी ८ ऑगस्ट २०२३ रोजी हेच केलं. माहिती अधिकारासारख्या एका अर्जाला उत्तर म्हणून त्यांनी एक्सेल फाइल दिली, ती संकेतस्थळावर चढली, आणि तिच्या लपलेल्या टॅबमध्ये साडेनऊ हजारांच्या आसपास पोलीस आणि कर्मचाऱ्यांची आडनावं, हुद्दे, नेमणुकीची ठिकाणं होती. ज्या प्रांतात पोलीस असल्याचं शेजाऱ्यालाही सांगत नाहीत, त्या प्रांतात. फाइल काही तासच वर होती. पुढे त्यांना ७.५ लाख पौंडांचा दंड झाला. आमचा साहेब त्यामानाने स्वस्तात सुटतो (प्रश्न ११).

६. माणूस आषाढात गेला आणि फाइल आश्विनातली. मग फाइलवर त्याचं नाव कसं?

हा प्रश्न इंजिनिअर लोक विचारतात, आणि बाह्या सरसावून विचारतात. उत्तर सोपं आहे. एक्सेलची फाइल उघडून तिचे गुणधर्म बघितले की ‘शेवटचा बदल कोणी केला’ अशी एक ओळ दिसते. तिथे माणसाचं नाव येत नाही. त्या कॉम्प्युटरवर ऑफिस ज्याच्या नावाने चालू आहे त्याचं नाव येतं. ११४ गेल्यावर त्याचा कॉम्प्युटर ट्रेनीच्या टेबलावर आला. खातं बंद करायचा फॉर्म भरला गेला, पण त्यावर सही करणारे साहेब फॅक्टरी इन्स्पेक्टरच्या गडबडीत होते. पासवर्ड कीबोर्डच्या पोटाला स्टिकरवर चिकटवलेला होता: मुलीचं नाव आणि दहावीचं वर्ष. ट्रेनी रोज सकाळी ते टाइप करून मृताच्या नावाने कामाला बसायची.

मी हे स्टोअर्समध्ये पाहिलंय. रिटायर झालेल्या एका माणसाच्या नावाने आमच्याकडे किती तरी वर्षं गेट पास निघत होते. कोणालाच ते चुकीचं वाटलं नाही, उलट सगळ्यांना ते नाव पाठ होतं.

७. मेसेज लगेच डिलीट केला होता ना ट्रेनीने? मग दुसरा अंक कशाला?

‘सर्वांसाठी डिलीट’ करायला व्हॉट्सॲप दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ देतं. तिने चार मिनिटांत केलं. पण तोवर कोणी फाइल उतरवून घेतली असेल, पुढे पाठवली असेल, तर ती प्रत तुमच्या हातात राहत नाही. उरते ती फक्त ग्रुपवरची पाटी, ‘हा मेसेज डिलीट करण्यात आला’. आणि कॅन्टीनच्या ग्रुपवर एचआरने काहीतरी पाठवून चार मिनिटांत काढलंय म्हटल्यावर, एरवी मिठाईची यादी उघडूनही न बघणारी माणसं ती शोधत फिरायला लागली. पहिला अंक त्या पाटीवर पडतो. डिलीट केलं नसतं तर नाटक झालंच नसतं, बॉक्स मोजून विषय संपला असता.

८. मेलेल्या माणसाची इन्क्वायरी होते का? आमचे मेहुणे वकील आहेत, ते म्हणाले अशक्य.

मेहुणे बरोबर आहेत. माणूस गेला की मालक-कामगार हे नातंच संपतं आणि शिस्तभंगाची कारवाई तिथेच गळून पडते. कोर्टांनी हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. पण कायद्यात बसत नाही म्हणून साहेबांच्या केबिनमध्ये होत नाही, असं मेहुण्यांना वाटत असेल तर त्यांनी वकिली फार चांगल्या ठिकाणी केलीय.

नाटकातला क्रम असा. फाइलवर नाव ११४ चं, म्हणून चार्जशीट ११४ ला. पाकीट पोस्टातून परत येतं, त्यावर पोस्टमनचा शेरा ‘मालक मयत, सबब परत’. एचआर मॅडम फाइलला नोंद करतात: ‘नोटीस स्वीकारण्यास नकार.’ नकार दिला की नोटीस बोर्डावर लावायची, तशी ती लागते. बोर्डावर त्याच्या श्रद्धांजलीचा कागद अजून असतो, फोटोसकट. जागा नसते म्हणून चार्जशीट त्याच्याच खालच्या दोन टाचण्यांना अडकवतात. प्रेक्षकांत इथे हशा येतो आणि मध्येच थांबतो. तो थांबावा म्हणून प्रकाशयोजना करणाऱ्या मुलीने काहीही केलेलं नाही, हे तिच्या आग्रहावरून नमूद करतो.

मग सस्पेन्शन. आणि इथे अकाउंट्सचे काका अडून बसतात. सस्पेंड केलेल्या कामगाराला चौकशी चालू असेपर्यंत निर्वाह भत्ता द्यावा लागतो, पहिले ९० दिवस निम्मं वेतन आणि चौकशी लांबली तर पुढे ७५ टक्के. काका विचारतात, ‘निर्वाह कोणाचा?’ त्यांचं म्हणणं, सस्पेंड केला म्हणजे तो नोकरीत आहे. नोकरीत आहे म्हणजे पीएफला आपण जो मृत्यूचा दाखला जोडला तो खोटा. तो खोटा म्हणजे आपण गुन्हेगार. साहेब म्हणतात, ‘मग त्याला हयात दाखवा, चौकशीपुरता.’

आणि ते ‘डोमेस्टिक इन्क्वायरी’ प्रकरण. कारखान्यात होणाऱ्या चौकशीला सगळे तेच म्हणतात. एकशे चौदाची मिसेस ‘डोमेस्टिक’ ऐकून समजते की घरी येणार आहेत. ती चादर बदलते, कांदेपोहे भिजवून ठेवते, साडेअकरापर्यंत वाट बघते आणि मग डबा घेऊन स्वतःच कारखान्यात जाते. चौकशी अधिकारी विचारतो, आरोपी हजर आहे का? ती पिशवीतून त्याचं आयकार्ड काढून टेबलावर ठेवते. पोहे सगळे खातात.

९. साहेबांनी पाच मॅनेजरना पाच मेमो दिले तो प्रकार डोक्यावरून गेला.

जुनी युक्ती आहे. ज्यांच्यावर संशय आहे त्या प्रत्येकाला एकच मजकूर द्यायचा, पण प्रत्येकात एखादा शब्द वेगळा ठेवायचा. बाहेर जी प्रत फिरेल तिच्यावरून फोडणारा सापडतो. साहेबांनी पाच मेमोंत अनुक्रमे ‘तत्काळ’, ‘तात्काळ’, ‘त्वरित’, ‘त्वरीत’ आणि ‘ताबडतोब’ घातलं. ‘तात्काळ’ची प्रत अकाउंट्सच्या काकांकडे गेली. काकांनी ती फोडली, हे खरं. पण फोडताना त्यांच्याने ‘तात्काळ’ बघवलं नाही. त्यांनी ते दुरुस्त करून ‘तत्काळ’ केलं आणि मग पुढे पाठवलं. ‘तत्काळ’ची प्रत क्वालिटी मॅनेजरकडे होती. बदली त्याची झाली.

हा प्रवेश व्याकरणाच्या शिक्षकांना सगळ्यात जास्त आवडतो. क्वालिटीवाल्यांना अजिबात नाही.

१०. प्रिंटरच्या पिवळ्या ठिपक्यांचं खरं आहे का?

खरं. बऱ्याच कलर लेझर प्रिंटरमधून निघालेल्या पानावर डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके असतात. त्यांत प्रिंटरचा सीरियल नंबर आणि छपाईची वेळ दडलेली असू शकते. निळ्या प्रकाशात भिंगाखाली ते दिसतात. एका मॉडेलच्या ठिपक्यांची भाषा अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २००५ मध्ये उलगडून दाखवली होती. नाटकात पुण्याहून बोलावलेला तज्ज्ञ तीन दिवस सगळे कागद निळ्या टॉर्चखाली बघतो, आणि चौथ्या दिवशी त्याला सांगतात की आपल्याकडे कलर प्रिंटर नाही. नाशिकरोडला नोटा छापल्या जातात त्या शहरात येऊन कागदाची अक्कल शिकवायची म्हटल्यावर एवढं व्हायलाच हवं.

११. ३८ जणांची खासगी माहिती फुटली. कंपनीला काहीच होत नाही?

लपवलेल्या शीटवर ‘शेरा’ असा एक कॉलम आहे, तो पडद्यावर जेमतेम सहा सेकंद दिसतो: डायलिसिस. मुलीचं लग्न. युनियन. पाठदुखी सांगतो. ११४ समोर: ‘बचत पूर्ण’. हे वाचून ज्यांना राग आला त्यांचा हा प्रश्न.

कायदा आहे. वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षणाचा कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. माहिती नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फक्त तो दंड सरकारजमा होतो, डायलिसिसवाल्याच्या हातात नाही. शिवाय सायबर घटनेची खबर सहा तासांत केंद्राच्या सर्ट-इन यंत्रणेला द्यावी, असा २०२२ चा आदेश आहे. साहेब ते सहा तास, ही ‘घटना’ म्हणायची की ‘प्रकार’, यावर घालवतात.

१२. ज्याने फोडली त्याला संरक्षण नाही का? व्हिसलब्लोअर वगैरे?

२०१४ चा जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा सरकारी कारभारातल्या भ्रष्टाचाराच्या तक्रारींपुरता आहे. खासगी क्षेत्रात कंपनी कायद्याच्या कलम १७७ खाली तक्रारीची व्यवस्था ठेवावी लागते; पण ती शेअर बाजारात नोंदलेल्या, लोकांकडून ठेवी घेणाऱ्या किंवा बँकांचं ५० कोटींहून जास्त कर्ज असलेल्या कंपन्यांना. आमची कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, आणि कर्ज ४९ कोटी. हा आकडा संवादात आहे, त्यावर फक्त सीए लोक हसतात.

बाजारातल्या फुटीबद्दल सांगायचं तर २०१७ मध्ये काही कंपन्यांचे तिमाही आकडे जाहीर व्हायच्या आधीच व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरत असल्याचं उघड झालं. सेबीने मेसेज पुढे ढकलणाऱ्यांना दंड केला, आणि २०२१ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो रद्द केला: मेसेज कंपनीच्या आतूनच आला हे सिद्ध झालं नव्हतं. म्हणजे आकडे बरोबर, फुटले कुठून ते अधांतरी.

१३. फळ्यावरचा ग्रॅच्युइटीचा हिशेब खरा की नाटकी?

खरा. वहीत उतरवून घेणारे प्रेक्षक आम्ही पाहिलेत, म्हणून पूर्ण लिहितो.

११४ चं शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये. नोकरी २२ वर्षं ७ महिने. एचआर मॅडम फळ्यावर मांडतात: २६,००० भागिले ३०, गुणिले १५, गुणिले २२. उत्तर २,८६,०००. एकशे चौदाची मिसेस खडू मागून घेते. ती सिडकोत बावीस बायकांची भिशी चालवते, आकडा तिला घाबरत असतो. ती ३० पुसते आणि २६ लिहिते, कारण ग्रॅच्युइटीला महिना २६ दिवसांचा धरतात. मग २२ पुसून २३, कारण सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. उत्तर ३,४५,०००. फरक ५९,०००. ती खडू परत जागेवर ठेवते आणि पदराला हात पुसते. हा प्रवेश आम्ही संगीताशिवाय करतो.

पाच वर्षं पूर्ण होण्याची अट मृत्यूच्या बाबतीत लागत नाही, हेही अनेकांना इथेच पहिल्यांदा कळतं. कमाल मर्यादा २० लाखांची आहे.

आता चौकशीमागचं खरं कारण. ठरावीक गैरवर्तनासाठी कामावरून काढलं तर ग्रॅच्युइटी जप्त करता येते. साहेबांना हे कलम कोणीतरी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी फिरताना सांगितलेलं असतं. पण त्यासाठी माणसाला ‘काढावं’ लागतं, आणि हा आधीच गेलेला. दुसरा अंक या एका क्रियापदावर उभा आहे.

१४. नवीन संहिता आली म्हणे. म्हणजे नाटक बदललं?

हा घोटाळा आमच्या तिकीट खिडकीवर रोजचा. नाटकाची संहिता तीच आहे. बदलल्या त्या श्रम संहिता: २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लागू झाल्या आणि १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. १५ भागिले २६ तसंच आहे, मृत्यूची सवलत तशीच आहे. मोठा फरक ‘वेतन’ कशाला म्हणायचं यात पडला: भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली की वरचा भाग वेतनातच धरायचा. त्यामुळे मूळ वेतन बारीक ठेवून भत्ते फुगवण्याची कला आटली. नाटकाचा काळ त्याआधीचा आहे, म्हणून संवाद तसेच ठेवले.

एक वाक्य मात्र आम्हाला फुकट मिळालं. कामगार कपातीला सरकारची परवानगी आधी १०० कामगारांपासून लागायची, आता ३०० पासून. कॅन्टीनचा पोरगा ताटं मोजताना म्हणतो, ‘दोनशे नव्व्याण्णव, साहेब.’ जुन्या प्रयोगांत हे नव्हतं. काळाशी जुळत नाही, कबूल. पण हशा येतो.

१५. टेबलावरची मिठाई खरी असते का?

एक बॉक्स खरा. बाकी रिकामे, आत वाळूच्या पुड्या. एका प्रयोगाला खरा बॉक्स मध्यंतरातच संपला आणि साहेबांनी शेवटच्या प्रवेशात अत्यंत गंभीर चेहऱ्याने वाळूची पुडी सोडली.

१६. आमच्या कंपनीत वार्षिक दिनाला प्रयोग कराल का?

करतो. एकदा एका कंपनीच्या एचआर विभागाने बोलावलं, संहिता मागवली, आणि कळवलं की नाटक फारच उत्तम आहे, फक्त यादी, चौकशी आणि ती बाई काढता येईल का. उरला कॅन्टीनचा पोरगा. आम्ही मानधन विचारलं, तेवढ्यावर थांबलं.

१७. संहिता मिळेल का? ग्रुपवर एक पीडीएफ फिरतेय, ती चालेल?

हौशी संस्थांना देतो. लेखी परवानगी आमच्याकडून, आणि प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र तुमच्या तुम्हीच काढायचं. तासाभराची एकांकिका करायची असेल तर पहिला अंक कापा, दुसऱ्याला हात लावू नका.

आता ती पीडीएफ. हो, आमची संहिता फुटली. फाइल फुटण्यावरचं नाटक, त्याची फाइल फुटली, यावर आम्हाला सुचू शकणारे सगळे विनोद लोकांनी आधीच पाठवून झालेत. तालमीला सुरुवात करताना मी गंमत म्हणून साहेबांचीच युक्ती वापरली होती (प्रश्न ९). सातही नटांच्या आणि माझ्या प्रतीत मिठाईच्या बॉक्सचं वजन वेगवेगळं ठेवलं: कोणाचं ४०० ग्रॅम, कोणाचं ४५०, कोणाचं अर्धा किलो. पीडीएफ हाती लागल्यावर मी सगळ्यांना तालमीच्या हॉलवर बोलावलं, दार लावून घेतलं, आणि सगळ्यांसमोर फाइल उघडली. अकाउंट्सचे काका करणारे काका आधीच घामेजले होते.

पान बारा. ४७५ ग्रॅम. ती माझी प्रत.

कॅनडा कॉर्नरला झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला मी ती दुकानदाराच्या नंबरवर पाठवली होती. त्याच्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर ती अजून आहे, दोन जन्मदाखले आणि एका सोसायटीच्या इतिवृत्ताच्या मध्ये. क्वालिटी मॅनेजर करणाऱ्या मुलाने त्या दिवसापासून मला ‘साहेब’ म्हणायला सुरुवात केलीय.

१८. शेवटी फोडली कोणी?

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच, आणि उत्तर नाटकाच्या पहिल्या सात मिनिटांत रंगमंचाच्या मधोमध, पूर्ण उजेडात घडतं (प्रश्न १). कॅन्टीनवाल्याने आकडा मागितला, मुलीने फाइल पाठवली. काका पुढे फोडतात ते साहेबांचे मेमो, यादी नव्हे. तरी लोक काकांवर, क्वालिटीवर, एका गृहस्थांनी तर ११४ च्या भुतावर पैज लावली होती.

१९. त्या बाईंना पैसे मिळतात का हो?

हा वारंवार विचारला जाणारा प्रश्न नाही. एकदाच आला, नाशिकरोडहून आलेल्या एका बाईंकडून, त्याही जिन्यात थांबून. तरी इथे घेतोय.

ग्रॅच्युइटी देय झाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासकट. नामनिर्देशनाचा फॉर्म एफ ११४ ने भरलेला होता, बायकोचं नाव होतं, सही होती. चौकशी गुंडाळली जाते, रक्कम मंजूर होते, पूर्ण ३,४५,००० आणि व्याज. चेक निघतो. तो मिठाईच्या बॉक्समध्ये ठेवून देतात, कारण दिवाळीचा एक बॉक्स उरलेला असतो. ती घरी जाऊन उघडते. चेक क्रॉस केलेला, नवऱ्याच्या नावाने.

चेकची मुदत तीन महिने. ती दर तीन महिन्यांनी गेटवर येते, जुना परत करते, नवा घेते. सिक्युरिटीवाला तिला आता ओळखतो. रजिस्टरमध्ये ‘कोणाला भेटायचं’ या रकान्यात तो न विचारता ११४ लिहितो.